दाढी होईपर्यंतची दहा मिनिटं

"मॅडम, एक काय ते सांगून टाका. म्हस सुधारणार असली तर ठेवतो, नाहीतर रविवारी व्यापारी येतोय."

विजय हे म्हणाला तेव्हा माझा एक हात चंद्रीच्या शेपटीखाली होता आणि त्या हातात थर्मामीटर होता. अशा वेळी कुणी डॉक्टरला निर्णय विचारू नये. पण बावीस वर्षांच्या नोकरीत माझा अनुभव असा, की जनावरांच्या मालकांना नेमकं तेव्हाच विचारायचं असतं.

"ताप नाही," मी म्हणाले.

"ते आम्हालाबी कळतंय."

"मग व्यापाऱ्यालाच बोलवायचं होतं की आधी. मला कशाला?"

गोठ्याच्या खांबाजवळ विजयचे वडील उभे होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त. सत्तरी ओलांडली तरी पाठ सरळ, दाढी रोज गुळगुळीत, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. ते माझ्याकडे बघत नव्हते, म्हशीकडेही नाही. समोरच्या भिंतीकडे बघत होते.

माझं पद पशुधन विकास अधिकारी. एवढं मोठं नाव कुणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून कोरेगाव तालुक्यात मी "जनावरांची डाक्टरीण". राहते साताऱ्यात, रोज स्कूटरवरून जाऊन येऊन करते. आबांच्या घरी मी आधीही गेले होते. चंद्री तिसऱ्या वेताची, मुऱ्हा जातीची, अंगानं भरलेली. दोन महिन्यांपूर्वी व्याली, आणि चौथ्याच दिवशी तिचं रेडकू गेलं. तेव्हा मीच आले होते. रेडकू वाचलं नाही, पण म्हैस आटली नाही. रेडकू पुढे नसताना माणसाच्या हातावर पान्हा सोडायला शिकली. पान्हा सोडणं म्हणजे कासेत साठलेलं दूध सडांत उतरवणं. सकाळ-संध्याकाळ बादली भरत होती.

मग तीन आठवड्यांपूर्वी आबांच्या पत्नी ताराबाई गेल्या. दुपारी जेवून जरा पडल्या, त्या उठल्याच नाहीत. दिवसकार्यासाठी विजय कुपवाडहून आला. तिथं एका कारखान्यात तो सुपरवायझर आहे. आणि त्याच दिवसांत चंद्रीचं दूध गेलं. बादलीच्या तळाला कपभर येई, तेवढंच.

विजय काही वाईट मुलगा नाही. त्याचा हिशेब सरळ होता. सोमवारी रजा संपणार. घरात म्हातारा माणूस एकटा. त्यांना कुपवाडला न्यायचं, तर आबांचं एकच उत्तर ठरलेलं: "म्हस हाय तवर म्या हितं हाय." आता म्हैसच भाकड झाली तर ते उत्तरही संपलं.

"तिसऱ्या मजल्यावर घर हाय त्याचं," आबा एकदम भिंतीलाच सांगितल्यासारखं बोलले. "तितं काय करू म्या? खाली बघत बसू?"

म्हणजे त्या दिवशी मला तपासायची होती म्हैस, पण उत्तर ठरणार होतं माणसाचं. हे मला कळलं होतं, म्हणून मी जास्तच तोऱ्यात कामाला लागले.

आधी कास तपासली. मऊ, गरम नाही, कुठं गाठ नाही. चारी सडांतलं दूध पांढऱ्या ताटलीत घेऊन त्यात औषध टाकून बघितलं. कासेचा दाह असेल, ज्याला लोक दगडी म्हणतात, तर ते दूध शेंबडासारखं घट्ट होतं. झालं नाही. चारा खाते, रवंथ करते, शेण चांगलं. आजार म्हणून काहीही नाही.

"इंजेक्शन दिल्यावर उतरतंय की दूध," विजय म्हणाला.

मी कान टवकारले. "कसलं इंजेक्शन?"

डेअरीच्या कट्ट्यावर कुणीतरी बाटली दिली होती. चार दिवस टोचत होते. मी जे काही बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकत नाहीत, विकू नये, आणि रोज टोचलं की म्हैस पुढं त्याच्याशिवाय धार देत नाही. बाटली मी पर्समध्ये टाकली. पण रागाच्या भरातही एक गोष्ट लक्षात आली: त्या बाटलीनं मला फुकटात अर्धं निदान करून दिलं होतं. ते कसं, हे सांगायला जरा आडवाट घ्यावी लागेल.

शरीरात निरोप पोचवायच्या दोन तऱ्हा आहेत. म्हशीच्या पाठीवर माशी बसली की शेपूट लगेच फिरते. हा नसांचा निरोप. फोनसारखा: इकडे लावला, तिकडे उचलला. दुसरी तऱ्हा टपालाची. एखादी ग्रंथी रक्तात आपलं द्रव्य सोडते, त्याला हार्मोन म्हणतात. रक्त गावभर फिरतं, पण पत्र उघडतं ते ज्याच्या नावाचं आहे तेच घर. सावकाश चालतं, पण काम पक्कं.

पान्ह्याला या दोन्ही तऱ्हा लागतात. रेडकानं तोंड लावलं किंवा माणसानं हात लावला, की कासेच्या कातडीतून नसांवाटे मेंदूला फोन जातो. मेंदू उलट फोन करत नाही. तो रक्तात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सोडतो. ते फिरत फिरत कासेत पोचतं आणि दुधाच्या बारीक बारीक पिशव्या आवळतं. मग दूध खाली येतं. जाताना फोन, येताना टपाल. म्हशीत हे सगळं गाईपेक्षा सावकाश होतं. शिवाय म्हशीच्या सडात आयतं दूध फारसं साठत नाही, जवळजवळ सगळं वर अडकलेलं असतं. मेंदूनं पत्र टाकलं नाही, तर तुम्ही सड ओढून तोडलेत तरी कपभरच येणार.

बाटलीत तेच ऑक्सिटोसिन होतं. ते टोचल्यावर दूध उतरत होतं, याचा अर्थ वर दूध आहे, कास शाबूत आहे, पत्र आलं तर वाचलंही जातंय. पत्र टाकलंच जात नव्हतं.

हे मी आबांना समजावून सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"म्हंजी वायरलेस आन् डाक."

"अगदी बरोबर."

"आमच्यात बी तसंच. हुकूम वायरलेसवर, पत्र डाकंनं. पत्राला लय येळ लागायचा." त्यांची नजर पुन्हा भिंतीकडे गेली. "आन् येऊन तरी काय. तिला लिवता येत न्हवतं. शेजारच्या मास्तराकडनं लिवून घ्यायची. 'इकडील सर्व क्षेम.' दुसऱ्याच्या हातनं काय लिवनार बाई?"

विजयनं मान खाली घातली. मी घाईघाईनं केसपेपर काढला. रडू येईल असं वाटलं की मी कागद काढते, ही माझी जुनी सवय.

"दूध कोण काढतं?"

"म्याच. लष्करातनं आल्यापास्नं म्याच काढतोय. रेडकू मेलं तवा म्याच हातावर घेटली तिला." यात थोडा अभिमान होता.

"आताही तुम्हीच?"

"व्हय. त्योच मानूस, तीच बादली, तीच येळ."

केसपेपरवर मी लिहिलं: दूध काढणारा — स्वतः. बदल — नाही. आता ते आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मग बदल शोधायचा म्हणून मी सगळा गोठा धुंडाळला. दिवसकार्याला अंगणात मांडव घातला होता, तेव्हा चंद्रीला पंधरा दिवस मागच्या बाजूला बांधलं होतं. पाव्हणेरावळे, भांड्यांचे आवाज, रडारड. झालं, मला उत्तर सापडलं. म्हैस भ्यायली की तिच्या शरीरात दुसरं एक हार्मोन सुटतं, ॲड्रेनलिन. ते पळायच्या नाहीतर मारायच्या तयारीचं. पळायचं असेल तेव्हा दूध कुठलं पाजताय? ते पान्ह्याच्या टपालाची वाटच अडवतं. मी ऐटीत सांगितलं: तिला आता जुन्या जागेवरून हलवू नका, धार काढताना पुढ्यात सरकीचं आंबोण, म्हणजे भिजवलेला खुराक, ठेवा, रेडिओ बंद, पाव्हणे बंद. तीन दिवसांत उतरेल.

"मी शुक्रवारी फोन करतो," विजय म्हणाला.

शुक्रवारी फोन आला. "मॅडम, कपभर. व्यापाऱ्याला या म्हणून सांगितलंय."

"आबा काय म्हणतात?"

"काय नाही. पिशवी भरायला घेतलीय त्यांनी."

हे ऐकून मला झोप लागली नाही असं लिहिलं तर शोभेल, पण झोप लागली. फक्त पहाटेच जाग आली. मी स्कूटर काढली आणि निघाले. सातारा स्टँडवरून जाताना पहिल्या गाड्या लागत होत्या आणि कुणाचं तरी तान्हं बाळ टाहो फोडत होतं.

त्या स्टँडशी माझं एक जुनं नातं आहे. माझी मुलगी पाच महिन्यांची असताना मी नोकरीवर रुजू झाले. तिला सांगलीला माझ्या आईकडे ठेवलं होतं. आठवड्यातून एकदा जायची. बाकीचे दिवस इथं. एकदा याच स्टँडवर बसची वाट बघत उभी होते आणि शेजारच्या बाईचं बाळ रडलं. माझ्या बाळाशी त्याचा काही संबंध नव्हता. माझ्या अंगाला कुणी हात लावला नव्हता. पण माझा ब्लाउज भिजला. पदर घट्ट ओढून मी तिथंच उभी राहिले आणि सांगलीला पोचायला बसला साडेतीन तास लागतात या गोष्टीवर मला इतकं रडू आलं की सांगता सोय नाही. आता ती मुलगी स्वतःच्या पायावर उभी आहे आणि माझी आईही नाही. पण तान्हं बाळ रडलं की छातीत काहीतरी अजून हलतं. दूध नाही येत. वाट मात्र शाबूत आहे.

स्कूटर पुढं गेली आणि मग डोक्यात उजेड पडला. माझा पान्हा हात लागायच्या आधीच सुटला होता. नुसत्या आवाजावर. म्हणजे खरं काम धार काढायच्या आधी होतं. आणि मी मात्र धार कोण काढतं एवढंच विचारून मोकळी झाले होते. आबांना धार काढताना मी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं.

मी पोचले तेव्हा नुकतं फटफटलं होतं. ओसरीच्या खांबाला आरसा टांगून आबा दाढी करत होते. उद्या म्हैस जाणार, परवा स्वतः जाणार, तरी माणूस दाढी करत होता. मी आलेली बघून त्यांनी मान हलवली आणि ब्लेड चालू ठेवलं. मी गोठ्याच्या कडेला उभी राहिले आणि तोंड बंद ठेवायचं ठरवलं. मला ते अवघड जातं.

चंद्री उभी होती. आंबोण पुढ्यात होतं, पण ती खात नव्हती. तिचे दोन्ही कान घराच्या मागच्या दाराकडे वळले होते. स्वयंपाकघराचं दार. ते बंद होतं. ती मधूनच मान वळवून तिकडे बघे.

आबांची दाढी झाली. तोंड पुसून ते बादली घेऊन आले, बसले आणि सरळ सड ओढायला लागले. चंद्रीनं पाय हलवला. कान दाराकडेच.

"आबा, थांबा," मी म्हणाले. "आधी कास धुवायला पाणी कोण आणायचं?"

"पानी? त्ये ती आनायची. चुलीवरचं कोमट."

"आणि धुवायचं कोण?"

"तीच. म्या याच्या आदी धुऊन ठिवायची. आंबोन बी तीच ठिवायची." ते जरा चिडले. "त्यात काय हाय? धार म्या काढायचो."

"किती वेळ धुवायच्या?"

आबा बोलायला गेले आणि त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी ओसरीवरच्या आरशाकडे बघितलं.

"माझी दाढी हुईस्तवर."

दहा मिनिटं. रोज सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळीही तेवढीच, ताराबाई मागच्या दारानं कोमट पाणी घेऊन यायच्या, फडक्यानं कास धुवायच्या, सड चोळायच्या. तेवढ्यात फोन जाऊन टपाल निघालेलं असायचं. मग गुळगुळीत दाढी करून हवालदार साहेब बादली घेऊन यायचे, बसायचे, आणि दूध धो धो यायचं.

"म्या आलो की पान्हा सुटल्यालाच आसायचा," आबा हळू म्हणाले. "मला वाटायचं, माझा हातच तसा हाय."

घरात कुणाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते काम म्हणून कुणी धरलं नव्हतं. ताराबाईंनीसुद्धा धरलं नसावं. आणि मीही नाही. बाई असून नाही, हे जास्त लागलं.

विजय आता मागच्या दारात येऊन उभा होता. मी त्याला पाणी तापवायला लावलं. फडकं आणलं. आबा कास धुवायला बसले. पण ते रायफल साफ केल्यासारखं धुवायला लागले. वर, खाली, दाबून. चंद्रीनं पाय झाडला.

"सरका, मी करते," म्हणून मी बसले. माझ्या अंगाला दवाखान्याचा वास. तिनं मला शेपटीचा फटका मारला, तो अजून आठवतो. पाच मिनिटं गेली. सड कोरडे ठाक.

"आवं बाई, तसं न्हाई त्ये," कुंपणापलीकडून आवाज आला. शेजारच्या शेवंताबाई. ताराबाईंच्याच वयाच्या. त्या केव्हापासून बघत होत्या देव जाणे. "नुस्तं धुवून काय हुतंय? ती बोलायची."

"कुणाशी?"

"म्हशीशीच की. धुताधुता बोलत बसायची. ह्या म्हशीशी, ह्याच्या आदीच्या म्हशीशी. हवालदार तिकडं बाडरवर, सासूला ऐकू येत न्हवतं. मग बाईनं बोलायचं कुनाशी?"

"काय बोलायच्या पण?" मी विचारलं.

शेवंताबाईंनी आबांकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "आता ह्यांच्या तोंडावर कसं सांगू? ह्यांच्याच कागाळ्या. आज ह्येंनी भाजीला नाव ठिवलं, आज इचारून सुदिक गेलं न्हाईत. आसलं सगळं. आन् मंग गप हुऊन म्हनायची, आसूंदे बाई, मानूस चांगला हाय."

आबांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं.

"तुमी समदी तिकडं व्हा."

आम्ही सरकलो. मी गोठ्याच्या भिंतीमागे थांबले. ऐकायचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. डॉक्टर म्हणून ऐकणं माझं काम होतं, बाकी कारणं माझी मला.

"चंद्रे," आबा म्हणाले. "वैरन टाकल्याय. पानी दावलंय. मंग काय कमी हाय तुला?"

"दटावू नगा तिला," कुंपणापलीकडून कुजबुज आली. "ती कवा दटवायची न्हाई."

फडकं चालू राहिलं, आता जरा हळू. पाण्याचा आवाज येत होता. मग ते अगदी खालच्या आवाजात बोलायला लागले. जसं शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतात.

"साखरंचा डबा घावला काल. कवापास्नं हुडकत हुतो. पिठाच्या डब्यामागं ठिवला हुता हिनं. डाक्टरनं मला साखर बंद किल्याली न्हवं, म्हनून लपवून ठिवला." फडकं पाण्यात बुडालं, पिळलं. "घावला तसा एकदम हाक मारली म्या. आगं ये, घावला बग तुजा डबा. मोठ्यांदा मारली." मग म्हणाले, "कुनी वो दिली न्हाई."

मी भिंतीआडून बघितलं. चंद्रीचे कान मागच्या दाराकडून फिरले होते. एक कान आबांकडे होता. तिनं तोंड हलवायला सुरुवात केली, रवंथ.

"मला तर काय सांगितलं न्हाई. जेवली, भांडी पालथी घातली, जरा पडते म्हनली. तुला तरी सांगून गेली का गं? तुला सांगायची न्हवं समदं?"

कास भरत होती. मी ते शेकडो वेळा बघितलंय, पण त्या सकाळी मला ते पहिल्यांदाच दिसल्यासारखं वाटलं. सड फुगले, चकाकले. पुढच्या सडातून एक थेंब आला. मग दुसऱ्यातून. आबांना ते दिसत नव्हतं. त्यांनी कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. तीन आठवड्यांत ते रडले नव्हते, असं विजयनं मला मागाहून सांगितलं.

इथं माझ्यासारख्या बाईनं दोन मिनिटं गप्प राहायला हवं होतं. पण ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं. तेवढ्यात दूध काढलं नाही तर टपाल फुकट गेलं.

"आबा!" मी ओरडले. "बादली! रडायचं मागनं, आधी धार! पाच मिनिटं आहेत फक्त!"

हुकूम तो हुकूम. त्यांनी बाहीनं डोळे पुसले, बादली गुडघ्यांत धरली आणि दोन्ही हात चालवायला लागले. डोळ्यांतून पाणी चालूच होतं. बादलीत पहिली धार वाजली, तशी शेवंताबाईंनी कुंपणापलीकडून "सुटला गं बाई!" अशी आरोळी ठोकली. चंद्री दचकली. मी शेवंताबाईंना हात जोडले.

बादली भरली नाही. अर्ध्याच्या जरा खाली राहिली. मेंदूला पडलेली सवय एका सकाळी मोडत नाही आणि एका सकाळी लागतही नाही. पण कपभर आणि अर्धी बादली यात फरक असतो, आणि तो समजायला डॉक्टर लागत नाही.

विजय मागच्या दारातच उभा होता. हातात मोबाईल. मला वाटलं आता वाद घालावा लागणार. मी मनात मुद्दे जुळवायला लागले.

"व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून सांगतो," तो म्हणाला. मग माझ्याजवळ आला. "पण मॅडम, रोज असं बोलत बसतील का हे एकटेच? लोक काय म्हणतील?"

"औषध देतायत म्हणावं. सकाळ-संध्याकाळ, दहा दहा मिनिटं. चुकवायचं नाही."

"आणि कधीपर्यंत?"

"म्हैस आटेपर्यंत. मग पुन्हा वेत आहेच."

त्यानं गोठ्यातल्या आईच्या फडक्याकडे बघितलं आणि तो आत गेला. सोमवारी तो एकटाच कुपवाडला गेला. शेवंताबाई लक्ष ठेवतील असं ठरलं. त्या तसंही ठेवतच होत्या.

पुढं महिनाभरानं त्या गावात लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाला गेले. आबा चंद्रीला धरून रांगेत उभे होते, दाढी गुळगुळीत. दूध पूर्वीसारखं झालं का, विचारलं.

"जरासं कमी हाय. पर बरं हाय." मग जवळ आले. "आता रोज बोलतो. जमायला लागलंय. चाळीस वर्सात तिच्याशी येवढं बोललो न्हाई बगा, जेवढं हिच्याशी बोलतो. तवा बोलाय पायजे हुतं."

मी सवयीनं कागद काढला. लसीची नोंद करताना चंद्रीचा जुना केसपेपर समोर आला.

"मॅडम, त्यात दूध काढनारा म्हनून माजं नाव हाय न्हवं?" आबा म्हणाले. "त्ये आर्दंच हाय. तिचं बी लिवा."

सरकारी केसपेपरमध्ये कास धुणाऱ्यासाठी रकाना नाही. चंद्रीपासून पुढं दूध कमी झाल्याची केस आली की कोण काढतं हे मी नंतर विचारते. आधी विचारते, पहिला हात कोणाचा लागतो. गेल्या काही महिन्यांत निम्म्या घरांत पुरुषांनी या प्रश्नावर बायकोकडे बघितलंय. रकाना नव्हता म्हणून मी समासात लिहिलं: "कास धुणे — ताराबाई." आणि पुढं सवयीनं कंस काढून "मयत" लिहायला लागले.

"त्ये नगा लिवू," आबांनी माझा हात थांबवला आणि चंद्रीकडे बघितलं. "हिला आजून म्हाईत न्हाई."

मी लिहिलं नाही. बावीस वर्षांत सरकारी कागदावर मी जाणूनबुजून चुकीची ठेवलेली ती एकच नोंद.